कुलूप दिसलं की पुढचं घर

दिवाळी आटोपली की ऊसतोडीचे ट्रक आमच्या पळसतांड्यावर येऊन उभे राहतात. माणसं, भांडी, कोंबड्या, कोयते असं सगळं त्यात चढतं आणि ट्रक ढाणकीच्या रस्त्याने पश्चिमेकडे, उसाच्या मुलखात निघून जातो. मागे राहतात म्हातारी माणसं, बकऱ्या, शाळेतली पोरं आणि दारांवरची कुलपं. या सगळ्या कुलपांच्या चाव्या सुखीबाईकडे असतात. जाड काळ्या दोऱ्यात ओवून ती त्या कमरेला बांधते. ती चालायला लागली की नेमकी कुठे आहे हे डोळे मिटूनही कळतं.

सुखीबाई नुसत्या चाव्या सांभाळत नाही. दर अमावास्येला ती प्रत्येक घर उघडते, झाडते, दिवा लावते, उंदरांना शिव्या देते आणि पुन्हा कुलूप घालते. चैत्रात माणसं परतली की चावी मात्र अशी सहजासहजी हातात पडत नाही. आधी आपल्याच बंद दारासमोर बसायचं, सुखीबाईचा काळा चहा प्यायचा आणि तिकडे काय घडलं ते सांगायचं. कोण आजारी पडलं, कोणाला पोर झालं, मुकादम कसा वागला, सगळं. मग चावी. का, तर तिची सासूही असंच करायची. कोणी घाईघाईत उरकायला लागलं तर ती काढलेली चावी पुन्हा दोऱ्यात ओवते आणि म्हणते, "जाय, याद करून ये."

माझं नाव विमल. मी तांड्यातली नाही, ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत या पोरांसाठी हंगामी हॉस्टेल चालतं. तिथला स्वयंपाक करणं आणि पोरांवर ओरडणं ही माझी दोन कामं, आणि दुसरं मला जास्त चांगलं जमतं. सगळा खर्च पुण्याची एक मोठी संस्था करते.

सुखीबाईची नात प्रेरणा त्या साली सातवीत होती. तिची आई मानीबाई तिला मागे ठेवून ऊसतोडीला जायची ती हॉस्टेलच्या भरवशावर, सासूच्या नव्हे. मानीबाईचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. सुखीबाई दिवसभर बकऱ्यांमागे, सांजेला नुसत्या चहावर भागवणार, आणि एकदा डोळा लागला की घरात बैल शिरला तरी उठणार नाही. तिच्याजवळ वयात येणारी पोरगी कोण ठेवील? जाताना मानीबाई ट्रकच्या फळीवर पाय ठेवूनच मला म्हणाली होती, "हॉस्टेल हाय तवर पोरगी इथं. बंद झालं त माह्यासंग फडावर." हे सुखीबाईने ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

कारण हॉस्टेल खरंच बंद व्हायला आलं होतं.

झालं असं की, मदत आपल्या मनाला येईल तशी करू नये, आधी अभ्यास करावा आणि मग पैसा लावावा, असं संस्थेने ठरवलं. विचार चांगला होता, मी नावं ठेवणार नाही. पण अभ्यासाची मंडळी आमच्याकडे येतात पौषात. तेव्हा ऊन कोवळं असतं, हुरडा मिळतो, गाडीच्या काचा खाली करून फिरता येतं. चैत्र-वैशाखात आमच्या रस्त्यावर कुत्रंही चालत नाही, मग पुण्याचा माणूस कशाला चालेल? त्यातून त्यांचा एक नियम होता. घराला कुलूप दिसलं की ते सोडायचं आणि पुढच्या उघड्या घरात जायचं.

आता तुम्हीच सांगा, पौषात पळसतांड्यात कोणाची घरं उघडी असतात? म्हातारी माणसं दिवसभर बकऱ्यांमागे रानात. राहिली दुकानदाराची, पोलीस पाटलाची, मास्तरची. पाहणीला आलेल्या पोरांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही कामासाठी गाव सोडून जाता का?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाई जी." झाली पाहणी. अहवालात आलं की पळसतांड्यातलं स्थलांतर नगण्य आहे, सबब हॉस्टेलची गरज नाही.

मी हे सुखीबाईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "नगण्य म्हंजे?"

"मोजण्यासारखं नाई म्हणते."

तिने कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या तोंडासमोर धरून खुळखुळवला. "मंग ह्या काय मी खेयाले बांधल्या?"

मी संस्थेत फोन करून चार शब्द सुनावले. म्हणजे चार ठरवले होते, पुढे वाढले. शेवटी तिकडून कबुली आली की निर्णय घेण्याआधी पुन्हा एक पाहणी करू, त्यासाठी मैत्रेयी नावाची मुलगी येईल. कधी येईल, तर पौषात. नियम कोणता, तर तोच. मी डोक्याला हात लावून बसले, पण सुखीबाईचे डोळे एकदम लकाकले.

"कुलूप दिसलं त पुढं जाते ना थे?" ती म्हणाली. "मंग कुलूप दिसूच देत नाई."

बेत साधा होता आणि बदमाशीचा होता. मैत्रेयी यायच्या दिवशी सुखीबाई मोक्याच्या घरांची कुलपं काढणार, आत जाऊन बसणार आणि त्या घरची बाई म्हणून उत्तरं देणार. मी मैत्रेयीला एका घरातून दुसऱ्या घरी लांबच्या वाटेने न्यायचं, तोवर सुखीबाई मागच्या बोळातून पुढचं घर गाठणार. मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "खोटं कायचं? कोण कुठं गेलं, काय करते, मलेच ठाऊक हाय. तोंड माहं, गोष्ट त्यायची." मला पटलं. मुळात मला पटवून घ्यायचंच होतं.

मैत्रेयी आली. सडपातळ, गोड बोलणारी, पायात चांगले बूट, हातात टॅब. मला वाटलं, ही काय ओळखणार. पहिल्या घरात सुखीबाई नाकापर्यंत घुंगट ओढून बसली होती. तांड्यातल्या बायका बाईमाणसासमोर घुंगट घेत नाहीत, पण पुण्याच्या पोरीला ते कुठून ठाऊक? सुखीबाईने बारीक आवाज काढून सांगितलं की आम्ही नवराबायको ऊसतोडीला जातो, फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहतो, पोरं मागे हॉस्टेलात असतात.

"मग आत्ता तुम्ही घरी कशा?" मैत्रेयीने विचारलं.

हा प्रश्न आम्ही धरलाच नव्हता. घुंगट आणखी खाली ओढला गेला. मग सुखीबाई म्हणाली, "मयतीले आली."

दुसऱ्या घरी ओढणी बदलली, आवाज जाडा झाला आणि ही बाईसुद्धा मयतीला आली. तिसऱ्या घरीही मयतच. मी मैत्रेयीला विहीर दाखवली, चिंचेचं झाड दाखवलं, शाळेची नवी रंगवलेली भिंत दाखवली, भिंतीचा रंग कोणी दिला तेही सांगितलं. तेवढ्यात सुखीबाई बोळातून धापा टाकत पुढच्या घरात शिरायची. तिची काळी बकरी तिला जन्मात एकटी सोडत नाही. ती प्रत्येक घराच्या दारात आमच्या आधी पोहोचून उभी असायची आणि मैत्रेयीकडे ओळखीच्या नजरेने बघायची. मैत्रेयी दर वेळी वाकून तिच्या कपाळावर हात फिरवायची आणि आत जायची.

शेवटचं घर सुखीबाईच्या सुनेचं होतं, तिच्या स्वतःच्या घराला लागूनच. तिथे ती मानीबाई होऊन बसली. मी दाराशीच उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"अडचणीच्या वेळी तुम्हाला कोणाचा आधार वाटतो?" मैत्रेयीने विचारलं.

"माह्या सासूचा," घुंगटाआडची मानीबाई म्हणाली. "लय गुणाची बाई. असी सासू साऱ्या जिल्ह्यात सापडनार नाई. सैपाक त असा करते, असा करते..."

मी तोंडात पदर कोंबला.

पाहणी संपली. मी हॉस्टेलच्या ओट्यावर मैत्रेयीला चून-भाकर, म्हणजे तुमचं पिठलं-भाकरी, वाढली. तिने पहिला घास खाल्ला, पाणी प्यायलं आणि शांतपणे विचारलं, "विमलताई, ही सुखीबाई कोण?"

"कोण सुखीबाई?" मी म्हटलं.

"सगळ्या घरांतल्या बायकांनी आधार म्हणून तिचंच नाव घेतलं. कोणी म्हणे देवमाणूस, कोणी म्हणे तिच्यासारखी तीच. मी इतक्या गावांत हा प्रश्न विचारलाय, पण स्वतःहून सासूच्या स्वयंपाकाची तारीफ करणारी सून मला आजवर भेटली नाही. तिथे मी समजले." मग तिने ओट्याखाली बघितलं. "शिवाय ही बकरी."

बकरी तिथेच उभी होती. तिच्यामागे, भिंतीच्या आडोशाला, कान लावून सुखीबाई. चाव्या वाजू नयेत म्हणून जुडगा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

मला वाटलं मैत्रेयी हसेल. ती हसली नाही. "हे सगळं मला रद्द करावं लागेल," ती म्हणाली. "मी हे पुढे दिलं आणि उद्या कोणी तपासलं, तर हा तांडा खोटं बोलतो एवढंच कायमचं लक्षात राहील. मग शेजारच्या तांड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. तुमचं हॉस्टेल सगळ्यात आधी जाईल."

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. सुखीबाई पुढे आली आणि तिने घुंगट मागे फेकला. "खोटं आमी बोललो काय? आनं तुमी? मानसं नाईत तवा येता आनं म्हनता मानसं जातच नाईत! आसतात तवा काहून येत नाई? ऊन लागते म्हनून?"

मैत्रेयीने हातातला टॅब बंद करून बाजूला ठेवला. नंतर तिने विचारलं, "आजी, ती घरं खरंच कोणाची आहेत? मला एकदा बंद असतात तशी दाखवाल?"

सुखीबाईने दाखवली. ती घरं मीही तशी कधी नीट पाहिली नव्हती. पालथ्या घातलेल्या पातेल्या, भिंतीला उभी केलेली बाज, कोनाड्यात अमावास्येचा विझलेला दिवा, आणि खुंटीवर राहून गेलेला एखादा लहान फ्रॉक. मैत्रेयी प्रत्येक घरात उंबऱ्याशी बूट काढत होती. रिकाम्या घरात बूट काढणारी पुण्याची पोरगी मी पहिल्यांदा पाहिली. माझा राग तिथेच निम्मा उतरला.

परत आल्यावर ती म्हणाली, "फोनवर बोलता येईल का कोणाशी?"

मी मानीबाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे ट्रॅक्टर घरघरत होता, बाया एकमेकींना हाका मारत होत्या. मैत्रेयीने आपलं नाव-काम सांगितलं, परवानगी मागितली आणि मघाचेच प्रश्न विचारायला लागली. सुखीबाई शेजारी बसली आहे हे मानीबाईला कोणी सांगितलं नाही. मी सांगू शकले असते. पण सासूबद्दल सून काय म्हणते हे मला ऐकायचं होतं, आता लपवण्यात काय अर्थ आहे?

"अडचणीच्या वेळी आधार?" मानीबाई तिकडून म्हणाली. "कोनाचा आधार बाप्पा! सासू हाय. एक नंबरची भांडकुदळ. भाजीत मीठ टाकाले इसरते आनं वरून मलेच बोलते."

मी सुखीबाईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

"मुलीला कोणाकडे ठेवलंय?"

"हॉस्टेलात. विमलताईजोळ."

"आणि हॉस्टेल नसतं तर?"

ट्रॅक्टरचा आवाज कमी झाला होता, त्यामुळे पुढचं अगदी स्पष्ट ऐकू आलं. "मंग काय? इकडेच आनली असती. मोळ्या बांधाले एक हात जास्ती भेटला असता. दोनचार साल बांधल्या असत्या, मंग लगन." ती थांबली. "म्याडम, ठेवतो आता. मुकादम पाहून राह्यला."

सुखीबाई उठली, बकरीचा कान धरला आणि निघून गेली. जाताना चाव्या वाजत होत्या. मी तिला थांबवलं नाही.

मैत्रेयीने फोनवरच्या अशा आणखी बऱ्याच मुलाखती घेतल्या आणि पुण्याला पाठवल्या. तिच्या वरच्या सरांचा निरोप आला की फोनवरची माहिती धरता येत नाही, माणूस समोर हवा, आपण स्वतः एकदा येऊन खात्री करू. मी म्हटलं, झालं, आता पुढच्या पौषात येतील आणि पुन्हा कुलपं मोजतील. पण या पोरीला मी ओळखलंच नव्हतं. ती सुखीबाईजवळ जाऊन बसली आणि तिने विचारलं, "आजी, ट्रक परत कधी येतो?"

"कारखान्याचा पट्टा पडला की. म्हंजे ऊस सरून कारखाना बंद झाला की. चैत्रात."

"नेमक्या कोणत्या दिवशी येणार, हे तुम्हाला आधी कळतं?"

"मले नाई कळनार त कोनाले? चाव्या कोनापाशी हायेत?"

मैत्रेयीने सरांच्या भेटीची तारीख त्या दिवसाची ठेवली. सरांना तिने एवढंच सांगितलं की त्या दिवशी गावात बोलायला माणसं भेटतील. बदमाशी पुण्यातही असते, फक्त तिकडे ती चांगल्या कपड्यांत हिंडते.

तो दिवस उजाडला. चैत्राचा शेवट, सकाळीच डोक्यावर ऊन. सर थंडगार गाडीतून उतरले आणि उतरताक्षणी त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. मी त्यांना डोक्याला बांधायला दुपट्टा दिला आणि खिशात ठेवायला कांदा. दुपट्टा त्यांनी घेतला. कांद्याकडे बघून "हे कशाला?" म्हणाले. दुपार व्हायच्या आत त्यांनी तो मागून घेतला.

पण ट्रकचा पत्ता नव्हता. वाटेत टायर बसला असा मानीबाईचा फोन आला. सर तांडाभर फिरले. कुलूप, कुलूप, पुन्हा कुलूप. शेवटी घाम पुसत मैत्रेयीला म्हणाले, "इथे तर कोणीच नाही. आपण पुढच्या गावाला जाऊ." नियम त्यांच्या अगदी हाडात मुरला होता.

ते गाडीकडे आले तर ड्रायव्हर लिंबाच्या सावलीत घोरत होता. त्याला हलवून उठवलं. त्याने खिसे चाचपले आणि म्हणाला, "चावी आजीकडे दिलीय. म्हणाली, झोपतोस तर सांभाळायला दे."

सगळ्यांनी सुखीबाईकडे बघितलं. ती चुलीपुढे बसून शांतपणे काळा चहा ढवळत होती. गाडीची चावी तिच्या काळ्या दोऱ्यात सगळ्या चाव्यांच्या मधोमध ओवलेली होती.

"आजी, चावी द्या," सर म्हणाले.

"देतो ना. पण आमची रीत हाय साहेब. चावीचा नंबर लागते. आधी ज्यायनं दिल्या, त्यायच्या. तुमची सगळ्याईच्या शेवटी." तिने त्यांच्यापुढे बाज सरकवली. "बसा. चाय घ्या."

सरांनी मैत्रेयीकडे बघितलं. मैत्रेयी चिंचेच्या झाडाकडे बघत होती.

ट्रक आला तेव्हा सर चहाचा दुसरा कप संपवत होते. आधी धूळ दिसली, मग हॉर्न ऐकू आला, मग हॉस्टेलातली पोरं माझं न ऐकता धावत सुटली. ट्रकमधून माणसं उतरली, काळवंडलेली, अंगभर उसाच्या पात्याचे ओरखडे. आयांनी पोरांना उचललं, पोरांनी आयांच्या पिशव्या उचकल्या. आणि मग आमच्या रिवाजाप्रमाणे जो तो आपापल्या कुलूपबंद दारासमोर जाऊन बसला. सकाळी जिथे सरांना कोणी दिसलं नव्हतं, तिथे प्रत्येक कुलपाखाली एक घर बसलं होतं.

सुखीबाई चहाची किटली घेऊन दारोदार निघाली. सर तिच्या मागे, मैत्रेयी सरांच्या मागे, बकरी सगळ्यांच्या पुढे. एका दारात ऐकलं की पोर तिकडे कोपीतच जन्मलं, दवाखाना लांब होता. दुसऱ्या दारात ऐकलं की म्हाताऱ्याच्या पायावर मोळ्यांची गाडी गेली. तिसऱ्या दारात एक जण काहीच सांगेना, नुसता रडला. सुखीबाईने त्याला याद करून ये म्हटलं नाही, चावी गुपचूप त्याच्या हातात ठेवली. सरांनी सुरुवातीला प्रश्न विचारून बघितले. नंतर ते गप्प राहून ऐकू लागले.

मानीबाईच्या दाराशी सुखीबाई आली. प्रेरणा आईला चिकटून बसली होती. सासूसुनेने एकमेकींकडे बघितलं.

"सांग," सुखीबाई म्हणाली.

मानीबाईने चहाचा घोट घेतला. "याडी, साखर जास्ती झाली." सुना इथे सासूलाही याडी म्हणतात, म्हणजे आई.

"तिकडचं सांग."

"तिकडचं काय? आमच्या शेजारच्या कोपीत दुसऱ्या तांड्यातली एक होती. तिची पोरगी संगच होती, आपल्या पेरणाएवढी. मोळ्या बांधे. मी तिले इचारलं, बाई, कितवीत हायेस तू? त हासली. म्हने, सातवीत होती का आठवीत, याद नाई." मानीबाईने प्रेरणाच्या डोक्यावर हात ठेवला. "मले भाकर गेली नाई त्या दिवशी. बस, एवढंच हाय माह्यापाशी."

सुखीबाईने चावी काढली. दोऱ्याची गाठ तिला एकदम सुटेना. शेवटी प्रेरणानेच सोडून दिली.

सगळ्यात शेवटी सरांचा नंबर लागला. उन्हं उतरली होती. गाडीची चावी सुखीबाईने हातात धरली, पण दिली नाही.

"आता तुमी सांगा. कुठून आले, घरी कोन हाय?"

सर दमलेले होते, खरं सांगून मोकळे झाले. "पुण्याहून. बायकोची बदली नागपूरला झालीय. मुलगी जर्मनीत शिकते. मी असा फिरतीवर. घर सध्या बंदच असतं."

"म्हंजे तुमच्या घराले कुलूप?"

"हो."

सुखीबाईने अगदी काळजीने मान हलवली. "अरे देवा. मंग तुमी त नाईच साहेब."

"म्हणजे?"

"कुलूप दिसलं का पुढचं घर. तुमचाच नियम ना? तुमच्या गल्लीत मोजनी झाली, त ना तुमी, ना बायको, ना पोरगी. नगण्य." हा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता आणि त्या दिवसासाठी जपून ठेवला होता. मग तिने अगदी मऊ आवाजात विचारलं, "चावी कोनापाशी ठेवली?"

सरांनी खिशावर हात ठेवला. "माझ्याकडेच आहे."

"कोनालेच नाई दिली?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मैत्रेयीने खाली मान घातली होती, पण तिचे खांदे हलत होते. सुखीबाईने गाडीची चावी त्यांच्या हातात ठेवली आणि दृष्ट काढावी तशी कानशिलांवर बोटं मोडली. जाताना सरांनी मला खिशातला कांदा परत दिला. तो चांगलाच गरम झाला होता.

पावसाळ्यात मैत्रेयीचा फोन आला. हॉस्टेल सुरू राहणार होतं, आणि तिच्या अभ्यासावरून आसपासच्या आणखी काही तांड्यांतही निघणार होतं. संस्थेचा नियमही बदलला होता. घराला कुलूप दिसलं तर चावी कोणाकडे आहे ते विचारायचं आणि आधी तिला भेटायचं. मी सुखीबाईला हे सांगितलं तेव्हा ती इतकी फुगली की आठवडाभर कोणाशी धड बोलायला तयार नव्हती. आता पौषात पुण्याची पोरं येतात ती तांड्यातांड्यावर आधी चाव्यावाली म्हातारी शोधतात. म्हाताऱ्याही हुशार झाल्या आहेत, चहाशिवाय तोंड उघडत नाहीत.

त्या दिवाळीत ट्रक पुन्हा आला. प्रेरणाची पेटी मानीबाईने स्वतः हॉस्टेलात आणून ठेवली, पुस्तकं वर, कपडे खाली. मग घराला कुलूप घातलं, चावी सासूला दिली आणि ट्रककडे निघाली. चार पावलं जाऊन परत आली.

"याडी, रोज सांजेला एक चक्कर मारून या हॉस्टेलात. पोरगी जेवली का नाई, तुमी सोता पाहा."

सुखीबाईने चावी दोऱ्यात ओवली आणि गाठ ओढून बघितली. "मी? एक नंबरची भांडकुदळ?"

मानीबाई माझ्याकडे बघायला लागली. मी बकरीकडे बघायला लागले.

"हाव," मानीबाई म्हणाली. "म्हनूनच सांगून राह्यली. तुमी असल्या का कोनाची हिंमत हाय तिले हात लावाची?"

ट्रक गेला. त्या सांजेपासून सुखीबाई रोज हॉस्टेलात येते. प्रेरणाच्या ताटात डोकावते आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडते.